व्हॉल्व्ह उघडा : हुकूम की माहिती?

लिहिताना अडलं तर… वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी प्रश्न भरपूर आलेत आणि बहुतेक सगळे एकाच जातीचे, म्हणजे मशीनच्या सूचना, फवारणीचं पत्रक, ॲपमधली मदत असलं काहीतरी मराठीत लिहायला घेतलं की व्याकरण सगळीकडे एकसारखं ठेवायचं की समोरच्याला चटकन कळेल ते बघायचं. पत्रं लांब होती, थोडी कापून घेतलीयत.

प्रश्न : माझं मालवणात बोटींच्या डिझेल इंजिनांचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकांसाठी सूचनांचा एक तक्ता केला, इंजिनाजवळ चिकटवायला. नात्यातल्या एका निवृत्त गुरुजींना दाखवला तर त्यांनी जिथे जिथे 'करा' होतं तिथे 'करावे' केलं, म्हणाले छापील गोष्टीत हेच शोभतं. शिवाय मी काही ठिकाणी करा, काही ठिकाणी करावे आणि एका ठिकाणी करणे असं लिहिलं होतं, ते तर मुळीच चालणार नाही म्हणाले. मग तोच तक्ता तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, दाखवला तर तो म्हणतो, "काय ता सरळ सांग मरे!" आता कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही निम्मं निम्मं ऐका. तीन तऱ्हेची क्रियापदं एका तक्त्यात नकोत हे गुरुजींचं शंभर टक्के बरोबर, फक्त त्याचं कारण शोभा हे नाही. सूचना वाचणारा माणूस वेगळं रूप दिसलं की वेगळा अर्थ शोधतो. समजा तुमच्या तक्त्यात असं आहे, "फिल्टर बदला. हवा काढावी." पहिलं वाक्य हुकूम वाटतं आणि दुसरं सल्ला, जमलं तर करा नाहीतर राहू दे. पण डिझेल फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरतेच, आणि हवा काढायचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागेपर्यंत ती काढली नाही तर इंजिन धड चालूच होत नाही, मग स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते, आणि हे सगळं खोल समुद्रात झालं तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. म्हणजे इथे व्याकरण एकसारखं ठेवणं आणि स्पष्ट लिहिणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. रूप बदलायचं ते अर्थ बदलला तरच, आणि अर्थ तोच असेल तर रूपही तेच.

विमानं दुरुस्त करणाऱ्यांची मॅन्युअल लिहिणाऱ्यांना हे फार आधी पटलं होतं. युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ साली त्यासाठी एक सोपी, नियमात बांधलेली इंग्रजी तयार केली, कारण मॅन्युअल इंग्रजीत आणि वाचणाऱ्या मेकॅनिकची मातृभाषा भलतीच. त्या नियमांत कामाची सूचना देणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं असतं आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ देतात. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे, कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी ट्रॉलरवर आज नेपाळी खलाशी आहेत, मराठी कानावर पडून पडून शिकलेले, त्यांना 'करा' कळतं, 'करावे' कळेलच असं नाही आणि 'करण्यात यावे' तर आपल्यालाच कळत नाही.

मग एकच रूप ठेवायचं तर कुठलं? माझं मत सरळ 'करा'ला. एक तर 'करावे' म्हटलं की ते समोरच्या नामाप्रमाणे वळतं. पंप बंद करावा, बॅटरी सोडवावी, झाकण काढावे, नळ्या तपासाव्यात. व्याकरण चोख आहे पण चार ओळींचे चार शेवट झाले, आणि शिवाय प्रत्येक इंग्रजी पार्टचं लिंग आधी ठरवत बसा, गास्केट बसवावे की बसवावी, कूलंट ओतावा की ओतावे. 'करा'ला हे लचांड नाही, पंप बंद करा, बॅटरी सोडवा, झाकण काढा, नळ्या तपासा, सगळं एका ओळीत उभं राहतं. दुसरं म्हणजे 'करावे' कोणी करावे ते सांगत नाही. तांडेल समजतो खलाशाने, खलाशी समजतो तांडेलाने. आणि शोभेबद्दल म्हणाल तर इंजिनाजवळ डिझेलच्या हाताने वाचायच्या कागदाला कसली शोभा.

पण थांबा, 'करा'त एक मोठा सापळा आहे आणि तो नेमका तुमच्याच धंद्यातला आहे. समुद्राचं पाणी इंजिनाकडे आत घेणारा व्हॉल्व्ह असतो, त्याच्याजवळ तुम्ही पाटी लावली, "व्हॉल्व्ह उघडा". हा हुकूम आहे की माहिती? मराठीत 'उघडा' म्हणजे 'तुम्ही उघडा' आणि 'उघडा' म्हणजे 'बंद नसलेला', दोन्ही. व्हॉल्व्ह पुल्लिंगी आहे म्हणून ही गडबड, झडप असती तर माहिती 'झडप उघडी' अशी झाली असती आणि हुकूम 'झडप उघडा', गोंधळच नाही. नवीन खलाशी पाटी वाचतो, म्हणतो बरं, उघडा आहे, आणि इंजिन मारतो. पाणी येत नाही, पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चक्र, कोरडा फिरतो आणि तो पाण्याशिवाय फार वेळ टिकत नाही, तुकडे पडतात, इंजिन तापतं. पाटीवर व्याकरणाची एकही चूक नाही.

काही जण अशा ठिकाणी 'खोला' लिहितात. वर्कशॉपात इंजिन खोललं म्हणजे पार्ट पार्ट सुटे केले, तेव्हा व्हॉल्व्ह खोला म्हटलं की कोणीतरी पाना घेऊनच बसेल. इथे नियम मोडा आणि अख्खं वाक्य लिहा. "इंजिन चालू करण्याआधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बघा. हँडल पाइपच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह चालू आहे. हँडल पाइपला आडवं असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे. बंद असेल तर हँडल फिरवून पाइपच्या रेषेत आणा." हँडलची ही खूण बॉल व्हॉल्व्हची, तुमच्या बोटींवर गोल चाकवाला असेल तर अर्थात तसं लिहा. शब्द वाढले, व्हॉल्व्ह तीन वेळा आला, पण अंधारात बॅटरीच्या उजेडात वाचणाऱ्याला काय बघायचं आणि काय करायचं ते वेगवेगळं कळलं. आणि जिथे नुसती अवस्था सांगायची तिथे 'आहे' गाळू नका, पाटीवर जागा कमी असली तरी.

प्रश्न : श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे. कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारी कुजवणाऱ्या बुरशीसाठी, बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं फवारणीचं औषध) कसं करायचं याचं एक पानी पत्रक गावातल्या बागायतदारांसाठी लिहितोय. शाळेत शिकलो होतो की तोच शब्द पुन्हा पुन्हा आला की भाषा कंटाळवाणी होते, सर्वनाम वापरावं. म्हणून लिहिलं, "मोरचुदाचे व चुन्याचे द्रावण वेगवेगळे तयार करून ते त्यात ओतावे, ढवळावे व ते तपासून घ्यावे. ते लगेच वापरावे." घरच्यांना काही कळलं नाही. यात व्याकरणाची चूक कुठली?

उत्तर : चूक कुठलीच नाही, तीच तर पंचाईत आहे. एरवी मराठीतलं लिंग आपल्याला फुकटात मदत करतं. "बॅटरी आणि चार्जर तपासा, ती गरम असेल तर काढा" म्हटलं की ती म्हणजे बॅटरीच, दुसरं काही असूच शकत नाही, ही सोय इंग्रजीत नाही. पण तुमची दोन्ही द्रावणं नपुंसकलिंगी, त्यामुळे 'ते त्यात'मधलं कुठलं कशात हे फक्त तुम्हाला माहीत. आणि इथे क्रमाला महत्त्व आहे, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं असतं नाहीतर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात, उलटं केलं की मिश्रण नीट होत नाही. कथा-कादंबरीत शब्दाची पुनरुक्ती टाळा, पत्रकात बिनधास्त करा.

मी असं लिहीन. "१ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १ किलो कळीचा चुना थोडं थोडं पाणी घालून भिजवा, मग पाणी वाढवून ५० लिटर करा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता. ओतताना सतत ढवळा." झालं की १०० लिटर, एक टक्क्याचं मिश्रण. ओतणं आणि ढवळणं ही दोन कामं एकाच वेळी करायची आहेत हे तुमच्या 'ओतावे, ढवळावे'मधून कळत नव्हतं, एकापुढे एक लिहिलं की माणूस एकामागून एक करतो.

'तपासून घ्यावे' हे तर अगदीच मोघम आहे, काय तपासायचं, कशाने? गावात निम्म्या लोकांना ती युक्ती माहीत असते पण तुमचं पत्रक उरलेल्या निम्म्यांसाठी आहे. "स्वच्छ लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवा. सुरी बाहेर काढून बघा. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय. आणखी चुन्याचं पाणी घाला आणि सुरीने पुन्हा बघा." तांबूस थर म्हणजे मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर बसतं, आणि तसंच मिश्रण फवारलं तर झाडाला इजा होते. कारण एका ओळीत दिलंत तर लोक टाळाटाळ करत नाहीत असा माझा अनुभव आहे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या पत्रकात शेवटपर्यंत सगळंच 'वे'. लोखंडी भांडे वापरू नये, मिश्रण गाळून घ्यावे, त्याच दिवशी वापरावे, सकाळी फवारावे. यात न केलं तर नुकसान होणारं कुठलं आणि केलं तर बरं असं कुठलं? एकसारखेपणा इथे जास्त झालाय, अर्थ वेगवेगळे आणि रूप एकच. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनाही हीच डोकेदुखी होती, म्हणून १९९७ साली आरएफसी २११९ नावाचं छोटं टिपण काढून त्यांनी ठरवूनच टाकलं की 'मस्ट' म्हणजे पर्याय नाही, 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम माहीत असतील तरच सोडा, 'मे' म्हणजे तुमची मर्जी. मराठीत आपल्याकडे त्यासाठी 'च' आहे, इतका छोटा आणि इतका कामाचा. "प्लास्टिकचं किंवा मातीचंच भांडं घ्या. लोखंडी भांडं वापरू नका. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचंच. शक्यतो सकाळी फवारा." फक्त 'च' कुठे लावताय ते बघा, 'सकाळीच फवारा' म्हणजे दुपारी नको, 'सकाळी फवाराच' म्हणजे फवारणी चुकवू नका. आणि प्रत्येक ओळीत 'च' घातला की कोणी त्याला भीक घालत नाही.

इशारा कृतीच्या आधी, हेही लक्षात ठेवा. भांड्याबद्दलची ओळ तुमच्या पत्रकात सगळ्यात खाली आहे, तोपर्यंत मोरचूद लोखंडी पिंपात पडलेलं असणार.

प्रश्न : चिपळूणमधल्या एका पतसंस्थेच्या मोबाईल ॲपसाठी मदतीची पानं लिहितेय. वरिष्ठांचा आग्रह की सगळीकडे 'आपण', कारण 'तुम्ही' उद्धट वाटतं. दुसरं म्हणजे बटणांची नावं वाक्यात आली की विभक्ती कशी लावायची, 'पुढे जावर दाबा' असं काहीतरी विचित्र होतं.

उत्तर : 'आपण'चा त्रास असा की तो समोरच्याला मान देणारा शब्द आहे आणि 'तू आणि मी मिळून' हेही सांगतो. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातलं वाक्य बघा, "आपण अर्ज पाठवल्यानंतर आपल्याकडून दोन दिवसांत फोन केला जाईल. न आल्यास आपण संपर्क साधावा." फोन कोणी कोणाला करायचा? सभासद दोन दिवस वाट बघेल, मग बहुतेक स्वतःच करेल आणि चिडलेला असेल. 'आपण' सगळीकडे एकसारखा आहे, सुसंगती पूर्ण गुण, आणि माणसं दोन, सभासद आणि संस्था, दोघंही त्याच एका शब्दात कोंबलेली. "तुम्ही अर्ज पाठवल्यावर आम्ही दोन दिवसांत तुम्हाला फोन करू. आमचा फोन आला नाही तर आम्हाला या नंबरवर फोन करा." यात उद्धट काय आहे? सासऱ्यांनाही आपण तुम्हीच म्हणतो. वरिष्ठ अगदी ऐकत नसतील तर वार्षिक सभेच्या निमंत्रणात आपण, आपली, आपले भरपूर घाला आणि ॲप तेवढं मोकळं सोडा.

'केला जाईल', 'करण्यात येईल' हेही त्याच वळणाचं, करणारा लपतो. पैशाच्या बाबतीत करणारा लपला की लोकांना संशय येतो, रास्तही आहे.

बटणांसाठी सोपा तोडगा आहे, नाव अवतरणात जसंच्या तसं ठेवा, मागे एक नाम जोडा आणि काय विभक्ती लावायची ती त्या नामाला लावा. 'पुढे जा' हे बटण दाबा. 'माझी खाती' या पानावर या. नावाला हात लावायचा नाही, कारण वाचणारा स्क्रीनवर तीच अक्षरं शोधत असतो, 'माझ्या खात्यांवर या' लिहिलं की व्याकरण खूश आणि तो मात्र बोट धरून सगळा स्क्रीन शोधतोय. काजूवाले लोक हे आपोआप करतात बघा, 'वेंगुर्ला-४ या जातीची कलमं', 'वेंगुर्ला-७ या जातीला', आकड्याला प्रत्यय चिकटवायची पाळीच येत नाही.

आणि स्क्रीनवर 'सबमीट' असं चुकीचं छापलं असेल तर? तुम्हीही तेच लिहा आणि डेव्हलपरच्या मागे लागा, तो सुधारेल त्या दिवशी तुम्हीही सुधारा. मदतीच्या पानात शुद्ध आणि बटणावर अशुद्ध म्हणजे वाचणाऱ्यासाठी ती दोन वेगळी बटणं.

प्रश्न : रत्नागिरीत एका बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. शिफ्टची नोंदवही मराठीत लिहितो. मोठे साहेब म्हणतात प्रमाण मराठीत 'केले, झाले' लिहा, पोरं लिहितात 'केलं, झालं', एकाच पानावर दोन्ही असतं. नियम काय सांगतो?

उत्तर : नियम साहेबांच्या बाजूने आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले, असे १८ झाले. त्यात स्पष्ट आहे की पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा म्हणून 'असं केलं, मी म्हटलं' चालेल, बाकी ठिकाणी 'असे केले, मी म्हटले'. या सदरात मी बोलतेय म्हणून मला सूट, असं समजा.

पण नोंदवहीपुरतं बोलायचं तर पोरांच्या लिहिण्यात एक फायदा लपलाय आणि तो मला सोडवत नाही. "११ वाजता बंद केले." काय बंद केले? मशीनसारखं एक नपुंसकलिंगी काहीतरी, की कॉम्प्रेसरसारखे दोन-तीन पुल्लिंगी? प्रमाण लेखनात दोन्हीला 'केले'. बोलताना मात्र आपण फरक करतो, यंत्र बंद केलं, कॉम्प्रेसर बंद केले. जुन्या लेखनात तो फरक कागदावरही होता, एकवचनी 'केलें'वर अनुस्वार असायचा, १९६२ च्या नियमांनी असले उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. काढले ते बरंच झालं, कुठे द्यायचे हे पाठ करून करून पिढ्या कंटाळल्या होत्या, पण जाता जाता हा फरक तेवढा गेला. शिवाय कॉम्प्रेसरचं अनेकवचनही कॉम्प्रेसरच, एक की अनेक हे फक्त क्रियापद सांगतं, केला की केले.

म्हणून साहेबांना दुखवू नका, 'केले' ठेवा, पण नाम आणि नंबर गाळायचा नाही असा नियम करा. "११.०० कॉम्प्रेसर २ बंद केला. ११.१५ पाण्याचा पंप चालू केला." मग केले-केलं हा वाद मुळात उरतच नाही, कारण वाक्यात एक वस्तू, तिचा नंबर, तिची वेळ. सकाळच्या पाळीचा माणूस रात्रीच्या पाळीच्या माणसाला फोन करून उठवणार नाही हीच नोंदवहीची परीक्षा. आणि गारव्यासाठी तुमच्याकडे अमोनिया वायू असणार, त्या पाटीवर काही लोक "अमोनिया गळती निदर्शनास आल्यास परिसर सोडावा" असलं काहीतरी लिहितात. "अमोनियाचा वास आला? लगेच बाहेर पडा. वारा येतोय त्या बाजूला जा." इथे प्रमाण-बोली काही बघत बसू नका.

प्रश्न : वेंगुर्ल्यातून घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीची इंग्रजी डॉक्युमेंटेशन लिहिते. 'युजर' एकवचनी, मग पुढे 'ही', 'शी' की 'दे'? आणि 'डेटा इज' की 'डेटा आर'? टीममध्ये दोन तट पडलेत.

उत्तर : एकवचनी 'दे' आता सरळ चालतो, अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या स्टाईलच्या सातव्या आवृत्तीने २०१९ साली तो अधिकृतपणे मान्य केला. पण मी तुमच्या जागी असते तर त्या तटांच्या मध्ये उभीच राहिले नसते. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्या स्टाईल गाईडचा कल वाचणाऱ्याला 'यू' म्हणण्याकडे आहे, ते केलं की 'युजर'च गायब आणि त्याच्या मागचं सर्वनामही. 'दे' ठेवावाच लागतो तो तिसऱ्या माणसाबद्दल लिहिताना, म्हणजे ॲडमिन युजरला परवानगी देतो अशा ठिकाणी, आणि तिथे ॲडमिनही 'दे' आणि युजरही 'दे' झाले तर मग श्रीवर्धनच्या मोरचूद-चुन्यासारखंच, नाम पुन्हा लिहा.

डेटा इज. सॉफ्टवेअरवाले एकवचनीच म्हणतात, शास्त्रीय पेपरवाले अनेकवचनी धरतात. टीमच्या स्टाईल शीटवर एक ओळ लिहा आणि पुढच्या मीटिंगला चहा प्या.

प्रश्न : मेल आला की आली? आमच्या कुडाळच्या ऑफिसात यावरून रोज भांडण होतं.

उत्तर : दोन्ही ऐकू येतं. पत्र डोक्यात असेल तो 'मेल आलं'सुद्धा म्हणतो. ऑफिसात एकदा हात वर करून मोजा, ज्याला जास्त हात ते एका कागदावर लिहा आणि कागद भिंतीला लावा, लिंक, फाईल, ॲप, पासवर्ड सगळं त्यातच घाला. सूचना लिहिताना मात्र "मेल पाठवा, मेल उघडा, मेल वाचा" असं लिहिलंत तर लिंग कोणाला दिसतच नाही. 'मेल उघडा' चालेल, मेल स्वतःहून उघडा पडलाय असं कोणी समजणार नाही.